पोटात राहिलेला बार

या मित्रांनो, बसा. पण माझ्या तोंडासमोर नको, बाजूला बसा. मी एक जुनी लष्करी रायफल आहे. आज माझ्या नळीत काहीही नाही, तरीसुद्धा बाजूलाच बसा. "हिच्यात काही नाही" हे वाक्य मी सहा वर्षं ऐकलं आणि सहाही वर्षं ते खोटं होतं. तेव्हापासून माझा कोणाच्या सांगण्यावर विश्वास राहिलेला नाही, आणि तुम्हीही ठेवू नका.

माझं वय दीडशेच्या पुढे गेलं. माझा घोडा जिथे बसतो त्या पट्टीवर एक मुकुट आणि १८६२ हा आकडा कोरलेला आहे. विलायतेतल्या एका कारखान्यात माझी नळी घडवली, अक्रोडाच्या लाकडात बसवली आणि नळीच्या आत बारीक पीळदार आट्या पाडल्या. त्या आट्यांमुळे मी रायफल झाले. कोणी नुसतं "बंदूक" म्हटलं की अजूनही माझं डोकं फिरतं. माझ्यात काडतूस जात नाही बरं का! तोंडातून दारू ओतायची, वर बोळा घालायचा, लोखंडी गजानं ठासायचं, मागच्या बोंडीवर तांब्याची टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि बार होतो. आधी पलटणीत होते, मग पोलिसांत. त्या दिवसांच्या बढाया मारायला मला खूप येतील, पण मारणार नाही. रायफलीनं बढाई मारली की ऐकणाऱ्याचे हात शिवशिवतात.

पुढे सरकारला मी जुनी वाटू लागले आणि मला लिलावात काढलं. तेव्हा नेर तालुक्यातल्या एका खेड्यात, पोलीस पाटलाच्या घरी, मी रीतसर परवान्यावर आले. शिकार नाही, लढाई नाही. तिथे मला वर्षातून एकच काम होतं, आणि त्या कामाचा मला फार गर्व होता.

आमच्या गावी पोळा माझ्या बाराशिवाय फुटत नसे. आखरावर, म्हणजे गावाबाहेर गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, आंब्याच्या पानांचं तोरण लागायचं, सजवलेले बैल खाली ओळीनं उभे राहायचे, झडत्या, म्हणजे पोळ्याची कवनं, म्हणून व्हायच्या, आणि मग पाटील मला आभाळाकडे धरून बार काढायचा. धाडकन आवाज झाला की तोरण तुटायचं आणि बैल सुटायचे. गोळी नसायची, दारू आणि आपल्याच शेतातल्या कापसाचा बोळा, बस. पण त्याचा एक कडक नियम होता. बार तोरणाखालीच, सगळ्यांदेखत भरायचा. आणि समजा तो उडाला नाही, तर ज्यानं भरला त्यानंच सूर्य मावळायच्या आत स्वतःच्या हातानं काढायचा. नाही काढला, तर पोळा फोडायचा मान पाटलाच्या घरातून जायचा आणि शेजारच्या तांड्याच्या नायकाकडे जायचा. तीन पिढ्या कोणाचा बार फुसका गेला नाही, म्हणून तो नियम नुसता म्हणायलाच होता.

करोनाच्या आदल्या वर्षी मात्र तो अंगावर आला. तेव्हा पाटील होते भगवानराव. माणूस तसा चांगला, पण मानाचा भारी भुकेला. बारीक पाऊस लागला होता, म्हणून नियम बाजूला ठेवून त्यांनी मला सकाळी घरातच भरून ठेवलं. दारू ओलसर होती, मला ते तेव्हाच कळलं. संध्याकाळी आखरावर त्यांनी चाप ओढला. टोपी "टुच्" वाजली आणि बस्स! पुढे काहीच नाही. पोरं हसली. तांड्याचा नायक देवीलाल नुसता मिशीत हसला, पण भगवानरावांना तेच जास्त लागलं.

"शेतात जाऊन काढतो बार," म्हणाले आणि मला घेऊन निघाले.

शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच्या बाभळीखाली ते किती वेळ मला हातात धरून उभे होते! त्यांच्या चुलत्याच्या हातात एकदा अशीच नळी फुटली होती. तीन बोटं गेली होती. ते सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असणार. नवी टोपी बसवली, काढली, पुन्हा बसवली, पुन्हा काढली. शेवटी मला खांद्यावर टाकून परत आखरावर आले.

"काढला पाटील?" देवीलालनं विचारलं.

"काढला ना!"

"आवाज नाई आला बाप्पा."

"वारा तिकडचा व्हता."

झालं! एवढंसं खोटं. लहान मुलानं दुधाची साय खाऊन तोंड पुसावं, तेवढंच. मान वाचला. घरी आल्यावर त्यांनी माझा गज गोठ्याच्या आढ्यावर खोचून ठेवला आणि घरात सांगितलं, हरवला. का, ते सांगते. माझ्या पोटात काही आहे की नाही हे पाहायची अगदी सोपी रीत आहे. गज तोंडातून तळापर्यंत सोडायचा, तोंडाशी बोटानं खूण धरायची, मग तोच गज बाहेरून नळीवर ठेवून पाहायचा. तो बोंडीपर्यंत पोचला तर मी रिकामी, चार बोटं आखूड पडला तर भरलेली. गज हाताशी असता तर शेंबड्या पोरालाही त्यांचं खोटं कळलं असतं.

तुम्हाला वाटेल, ओली दारू, काय करणार ती? अरे, ती वाळते की! वाळली की पुन्हा पहिल्यासारखी. दारू म्हातारी होत नाही मित्रांनो. मी होते, ती होत नाही.

मग करोनाची दोन वर्षं गेली, पुढच्या वर्षी लम्पीनं जनावरं आजारली, पोळा भरलाच नाही. त्यानंतर भगवानरावांनी कधी डोळ्यांचं ऑपरेशन पुढे केलं, कधी पाठीचं दुखणं. पोरांनी सुतळी बॉम्ब लावून पोळा फोडला. निवडणूक आली तेव्हा मला ठाण्यात जमा करावं लागलं. शिपायानं विचारलं, "खाली आहे ना? रिकामी?" भगवानरावांनी मान हलवली. परत आणतानाही हलवली. एकदा मान हलवायची सवय लागली की ती आपोआप हलते.

पण पोळा वर्षातून एकदाच. माझा जीव खरा टांगणीला लागायचा तो खंडेनवमीला.

त्या दिवशी घरातली सगळी अवजारं पुजायची आमची रीत. भगवानरावांची सून सत्यभामा मला खुंटीवरून काढायची, पाटावर आडवी ठेवायची आणि हळदीकुंकू लावायची. तिचा नवरा एसटीत कंडक्टर, सणाला घरी असला तर असला. घर, शेत, सासरा सगळं तीच पाहायची. पुसताना ती माझ्या तोंडात डोळा घालून बघायची, जाळं तर नाही ना धरलं म्हणून. मग उदबत्ती लावायची. आणि ती कुठे खोचायची माहीत आहे? घोड्याखालच्या बोंडीच्या बारीक भोकात! अगदी नेमकी बसायची ना तिथे. त्या भोकाच्या तळाशी वाळलेली दारू, वर जळती उदबत्ती, आणि दुसऱ्या टोकाला माझ्या तोंडाशी तिची लेक वैष्णवी झेंडूचं फूल घेऊन बसलेली.

वैष्णवीला एक खोड होती. माझ्या तोंडाला तोंड लावून ती फुंकायची, बासरी वाजवायला. रिकाम्या नळीत फुंकलं की हवा मागच्या भोकातून निघते. माझ्यातून निघायची नाही.

"आई, हे वाजतच नाई," ती म्हणायची.

वाजणार कशी गं बाई? मी आतून बुजलेली आहे, दूर हो, दूर हो! मी किती ओरडले असेन! पण लोखंडाचं ओरडणं कोणाला ऐकू येतं? उदबत्ती हळूहळू खाली जळत यायची आणि मी नुसती तिच्या लाल टोकाकडे बघत राहायची. सहा खंडेनवम्या अशा गेल्या. दर वेळी राख बाहेर पडली, आत पडली नाही, एवढंच माझं नशीब. मला भगवानरावांचा फार राग आला. तो अजूनही गेलेला नाही.

मधे एकदा नेरचा कय्युम आला होता. त्याच्याकडे बापापासून बंदूक दुरुस्तीचा परवाना. जुन्या हत्यारांची पारख तो करतो, हौशी लोक लांबून त्याला बोलावतात. किंमत काढायला म्हणून सत्यभामेनंच त्याला बोलावलं होतं. त्यानं मला हातात घेतलं आणि पहिल्यांदा माझं तोंड मातीच्या भिंतीकडे वळवलं. तेव्हाच मला कळलं, हा माणूस जाणकार आहे. बोटं न लावता कापडानं धरून त्यानं मुकुट पाहिला, लाकडावरचा आकडा आणि पट्टीवरचा आकडा जुळतो का ते पाहिलं, परवान्याचे जुने कागद पाहिले.

"ताई, हे वरचं काळं हाय ना, त्याले गंज नका समजू. हे वय हाय तिचं. घासू नका, पुसा फक्त. लोक तेच पाहून किंमत देतात," तो म्हणाला. "आता गज द्या. नळी आतून पाहू द्या."

"गज हरवला," भगवानराव म्हणाले.

"माह्या गाडीत हाय एक."

"कायले? नाई ईकाची आमाले. च्या घ्या तुमी."

"काकाजी, दात पाह्यल्याबिगर बैल घेता का तुमी? नळी पाह्यल्याबिगर मी भाव कसा सांगू?"

भगवानराव उठून आतच निघून गेले. कय्युम चहा पिऊन गेला, पण फाटकातून त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. त्याला शंका आली होती. त्यानं तेव्हाच हट्ट धरायला हवा होता, असं मला वाटतं. पण दुसऱ्याच्या घरात म्हाताऱ्या माणसाला खोटं कोण पाडणार?

यंदा सासऱ्यांच्या जागी सत्यभामा गावची पोलीस पाटील झाली. परवानाही तिच्या नावावर झाला. गावाला काय आनंद! बाईमाणूस पोळा फोडणार, म्हणून बाया आठ दिवस आधीपासून घरी येऊन मला बघून जात होत्या. सत्यभामेच्या अंगात तर उत्साह मावेना. कय्युमचं सांगणं विसरून तिनं पॉलिश पेपर घेतला आणि माझी नळी घासघासून ताटासारखी चकचकीत केली. दीडशे वर्षांचा रंग एका दुपारी गेला. बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल ऑइलपेंट होता, तो तिनं माझ्या अक्रोडाच्या दस्त्याला फासला. माया होती हो त्यात, मी नाही म्हणत नाही. पण मी रडले.

मग तिनं कय्युमला फोन करून विचारलं, किती दारू भरायची.

"गज सापडला का?" कय्युमनं विचारलं.

"नाई ना. सळई कापून घेतली एक."

"गज नाई तं बार नाई ताई. आंधी नळी मोजा, मंग बाकीचं."

"हो हो," ती म्हणाली. पण गाव दारात उभं, सळई नळीपेक्षा आखूड, आणि सासरे रोज सांगत होते की खालीच आहे. तिनं मोजलं नाही. आपल्या घरच्या माणसावर कोण गज लावून पाहतं?

पोळ्याचा दिवस उजाडला. आखरावर चाळीस जोड्या उभ्या होत्या. झडत्या झाल्या, "हर हर महादेव" झालं. सत्यभामेनं पदर खोचला आणि माझा दस्ता जमिनीवर टेकवला. माझं तोंड तिच्या हनुवटीशी आलं. शेजारी वैष्णवी टोप्यांची डबी घेऊन उभी. भगवानराव दोन हातांवर काठी टेकून. आता आत जुना बार, गंजानं नळीला घट्ट चिकटलेला, आणि त्याच्यावर हा नवा. माझी नळी कुठे पातळ झाली आहे ते मला ठाऊक होतं. नेमकी घोड्याजवळ, बार काढताना जिथे गाल येतो.

दारूची डबी उघडून ती थांबली. काय मनात आलं कोण जाणे!

"मामाजी, एक डाव सगळ्याइपुढं सांगा. खाली हाय ना?"

"हाय," भगवानराव म्हणाले. "खालीच हाय."

तिनं डबी माझ्या तोंडाशी आणली. त्या क्षणी म्हाताऱ्याची काठी पडली. दोन पावलं झपकन पुढे येऊन त्यांनी आपला तळवा माझ्या तोंडावर गच्च दाबला. दारू त्यांच्या मनगटावर सांडली.  एवढा राग असूनही मला पहिली काळजी त्यांच्या हाताचीच वाटली: अरे बाबा, तळवा काढ आधी!

"नको भरू वं माय," ते म्हणाले. "आत हाय. करोनाच्या आंधीचा बार आतच हाय. म्या काढलाच नाई. खोटं बोललो म्या."

कोणी हसलं नाही.  सत्यभामेनं डबीचं झाकण लावलं. वैष्णवीला हाताला धरून मागे लोटलं, लोकांना हटवलं, आणि मला मोकळ्या शेताकडे तोंड करून हळूच जमिनीवर निजवलं. मग ती सासऱ्यांकडे न बघता म्हणाली, "देवीलालभाऊ, नियम हाय तसा हाय. मान तुमचा."

देवीलाल पुढे आला. त्याचे डोळे भरले होते.

"पाटील, इतक्याशा मानासाठी? अरे, मागतला असता तं म्या आपल्या हातानं सोडला असता," तो म्हणाला. आणि तांड्यावरून त्यानं आपला नंगारा, तांड्याचा मोठा नगारा, मागवला. त्या दिवशी पोळा नंगाऱ्यावर फुटला. बैल काही अडले नाहीत, तसेच सुटले.

निरोप मिळताच कय्युम मोटरसायकलवर आला तेव्हा दिवस अजून मावळायचा होता. माझं तोंड मातीच्या ढिगाकडे करून त्यानं पुढून आणि मागच्या भोकातून पाणी सोडलं, पुन्हा पुन्हा सोडलं, आणि बार भिजत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी गजाच्या टोकाला पीळदार आकडा लावून, स्वतः बाजूला उभा राहून, तो ओढू लागला. कापसाचा बोळा गंजानं लाल होऊन बाहेर आला, मग काळा चिखल आला. सहा वर्षं पोटात असलेलं ओझं गेलं. हलकं वाटलं का? खरं सांगू? लाज वाटली.

"फुटलीच असती असं मी छातीठोक नाई सांगत," कय्युम नळीच्या पातळ जागेवर बोट ठेवून म्हणाला. "पण न फुटाचं एकबी कारण मले दिसून नाई राह्यलं. ताई, तुमचा गाल अथीच राह्यते." मग त्यानं नळीत उजेड सोडून आत पाहिलं. आट्या दारूनं खाऊन टाकल्या होत्या. "किंमत म्हनान तं आतली गेली बारानं, वरची गेली पॉलिश पेपरनं. आता हिले तेलाचा बोळा फिरवा आन ठेवा. बार नको. कधीच नको."

माझी किंमत गेली याचं मला वाईट वाटत नाही असं म्हणणार नाही. वाटतं. माझ्यासोबतच्या रायफली कुठे कुठे काचेच्या कपाटात मुकुट मिरवत असतील, आणि मी अशी लाल शिंगासारखी.

त्याच दुपारी तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचा पोळा, होता. शाळेच्या पटांगणात तुम्ही सगळे लाकडी बैल घेऊन आलात. सत्यभामेनं मला आणून टेबलावर ठेवलं आणि सासऱ्यांना म्हणाली, "काल मोठ्याइपुढं सांगतलं, आज लेकराइपुढं सांगा. नळीत डोये लेकरंच घालतात."

भगवानरावांनी सांगितलं. गज कुठे लपवला होता तेही सांगितलं, आढ्यावरून काढून सोबतच आणला होता. तो माझ्या नळीत सोडून कसं मोजायचं ते दाखवलं. कोणतीही बंदूक दिसली तर ती भरलेलीच आहे असं समजायचं, हात लावायचा नाही, मोठ्या माणसाला बोलवायचं. आणि मोठा माणूस "खाली हाय" म्हणाला तर "मोजून दाखवा" म्हणायचं. तुम्ही माना हलवल्यात. कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मग वैष्णवी उठली. दहा वर्षांची पोर. तिनं ओरडून नाही, साधंच विचारलं.

"आबाजी, मी फुकत होती तवा तुमी कोठी राह्यत होते?"

भगवानरावांनी टेबलाची कड धरली. मला वाटलं, आता पुन्हा मान हलवून मोकळे होतील. नाही हलवली.

"दारातच राह्यत होतो, बाई," ते म्हणाले. "अंगणाकडं तोंड करून."

 आपला लाकडी बैल काखेत घेऊन वैष्णवी आईजवळ जाऊन बसली, आणि भगवानराव उभेच राहिले. मित्रांनो, मला तेल लावा, कोरड्या जागी ठेवा, रंग फासू नका, एवढं तर मी मागतेच. पण त्याहून मोठं एक मागणं आहे. कोणाला इजा होईल असं काही तुम्ही करून ठेवलं असेल आणि ते तुमच्याशिवाय कोणालाच ठाऊक नसेल, तर आज जेवायला बसायच्या आधी सांगून टाका. घरचे रागावतील, गाव हसेल, मान जाईल. जाऊ द्या.